गॅसवरची गाडी अडते तेव्हा

मे महिन्यातली टळटळीत दुपार होती. साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा चढ लागला आणि गॅस किट बसवलेली आमची जुनी मारुती 800 झटके खाऊ लागली. वळणावर ती बंदच पडली. पेट्रोलवर घेतली तेव्हा कशीबशी घाटमाथ्यावर पोचली. तिथल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडले. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत गॅस किटच्या रिड्यूसरवर पांढरेशुभ्र दंव साचले होते. मी नवे किट टाकायच्या हिशेबाला लागलो होतो. मिस्त्री म्हणाले, "किट चांगलं आहे साहेब, गाडीत पाणी नाही." इंजिन थंड झाल्यावर कूलंट भरले, फाटका होज बदलला आणि गाडी गॅसवरच साताऱ्याला गेली.

त्या दिवशी कळलेली गोष्ट अशी, की गॅसवरच्या गाडीचे दुखणे पुष्कळदा गॅसमध्ये नसतेच.

दंव का पडले? एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण. टाकीत ते दाबाखाली द्रवरूपात असते. प्रोपेन उणे 42 अंशांनाच उकळतो, आणि द्रवाची वाफ होताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो. तळहातावर स्पिरिट टाकले की गार लागते, तोच हा प्रकार. ही वाफ रिड्यूसरमध्ये होते, आणि त्याला लागणारी उष्णता इंजिनाचे गरम पाणी पुरवते. पाणी कमी झाले किंवा नळीत हवा अडकली की रिड्यूसर गोठतो. घाटात गॅस जास्त लागतो, म्हणून दोष नेमका तिथे उघडा पडतो. सकाळी थंड इंजिन लगेच गॅसवर घेऊ नये, यामागेही हेच कारण आहे.

बिघाड शोधताना किट बसवलेल्या गाडीत एक मोठी सोय असते. तिच्यात इंधनाच्या दोन स्वतंत्र वाटा आहेत. त्रास दोन्ही इंधनांवर होत असेल, तर दोष इंजिनात किंवा इग्निशनमध्ये. फक्त पेट्रोलवर होत असेल, तर पेट्रोलच्या वाटेत. फक्त गॅसवर होत असेल, तर संशय किटवर जातो, पण इथेच फसगत होते. गॅस आणि हवेच्या मिश्रणात ठिणगी पडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. झिजलेला प्लग, तडकलेली प्लगवायर, दमलेली कॉइल यांना पेट्रोल काही काळ सांभाळून घेते. गॅस सांभाळत नाही. म्हणून किटला पाना लावण्याआधी प्लग काढून पाहावा आणि त्याचा गॅप तपासावा.

कार्बोरेटरच्या गाडीत ही चाचणी घेताना थोडा धीर धरावा. पेट्रोलवरून गॅसवर जाताना स्विचच्या मधल्या स्थितीत कार्बोरेटरमधले पेट्रोल संपू द्यावे. दोन्ही इंधने एकदम आत गेली, तर गाडी घुटमळते आणि निदान चुकते.

एअर फिल्टरच्या बाजूने 'फट्' असा आवाज येणे म्हणजे बॅकफायर. मिक्सरच्या किटमध्ये गॅस इनटेकच्या तोंडाशीच हवेत मिसळतो, त्यामुळे इनटेकची सगळी नळी गॅस-हवेच्या मिश्रणाने भरलेली असते. ठिणगी कमजोर असली किंवा मिश्रणात गॅस कमी पडला, की जळणे लांबते. इनटेक व्हॉल्व्ह उघडला तरी आत ज्वाला असते, आणि ती उलटी येते. एअर फिल्टरची पेटीसुद्धा यात फुटू शकते. प्लग, टायमिंग आणि मिश्रण याच क्रमाने तपासावे. मिक्सरच्या किटमध्ये एअर फिल्टर चोंदला तर हवा कमी होऊन गॅसचे प्रमाण वाढते, आणि मालक विनाकारण ट्यूनिंग करत बसतो. सिक्वेन्शियल किटमध्ये, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने वेगळा गॅस देणाऱ्या किटमध्ये, गॅसचा फिल्टर आणि इंजेक्टर यांकडेही पाहावे.

आता रिड्यूसरकडे वळू. गॅसबरोबर येणारे तेलकट घटक त्याच्या तळाशी काळ्या, उग्र वासाच्या गाळाच्या रूपाने साचतात. आतला रबरी पडदा ताठरतो. मग सिग्नलला गाडी स्लोवर टिकत नाही, ॲव्हरेज घटते. ज्या रिड्यूसरला तळाशी बूच असते, त्यातला गाळ मिस्त्रीकडून वेळोवेळी काढून घ्यावा. मात्र गॅसवर थोडे ॲव्हरेज घटणे हा बिघाड नव्हे. एक लिटर एलपीजीत एक लिटर पेट्रोलपेक्षा ऊर्जाच कमी असते.

सर्वांत महागडा दोष मुकाट्याने येतो. काही इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीट गॅसवर लवकर झिजतात. व्हॉल्व्ह आत बसत जातो आणि टॅपेटचा गॅप बुजतो. टॅपेटचा आवाज कमी झाला म्हणून मालक खूश होतो, पण व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसतो. कॉम्प्रेशन जाते, सकाळी गाडी चालू होत नाही, शेवटी हेड उतरवावे लागते. टॅपेट वेळेवर तपासले तर हा खर्च टळतो. त्याचबरोबर रोज थोडे अंतर पेट्रोलवर चालवावे, म्हणजे तिकडचे पंप आणि इंजेक्टर सुकत नाहीत.

गळतीच्या बाबतीत मात्र प्रयोग नकोत. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत आणि खड्ड्यात साचतो. वास आला तर इंजिन बंद करा, सर्वांना खाली उतरवा, टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. कुठलेही बटण दाबू नका. जोड साबणाच्या पाण्याने तपासतात, काडी ओढून कधीच नाही. टाकी 80 टक्क्यांपर्यंतच भरायची असते, कारण उन्हाने द्रव फुगतो आणि त्याला जागा लागते. वाहनांतील एलपीजीसाठी केंद्र सरकारचा स्वतंत्र आदेश 2001 पासून आहे. मान्यताप्राप्त किट आणि आरसी पुस्तकावरची नोंद यांत कसूर नको. घरगुती सिलिंडरचा गॅस गाडीत भरणे हा गुन्हा आहे आणि आपल्याच माणसांच्या जिवाशी खेळ आहे.

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालाल, तेव्हा आधी बॉनेट उघडा. कूलंटची पातळी, होज, एअर फिल्टर आणि प्लग एवढे पाहून घ्या. किट खोलायचे ते त्यानंतरच.