पाझर तलावाची भिंत फुटण्याआधी काय सांगते?

शेवगाव तालुक्याच्या उत्तरेला जायकवाडीचा नाथसागर पसरलेला आहे, तरीही तालुका ओळखला जातो तो कमी पावसासाठी. जिथे कालव्याचे पाणी पोहोचत नाही, तिथल्या विहिरी पाझर तलावांवर तगून असतात. असा तलाव म्हणजे ओढ्यावर आडवा घातलेला मातीचा भराव. यातले बरेचसे भराव 1972 च्या दुष्काळातील आणि त्यानंतरच्या रोजगार हमीच्या कामांतून उभे राहिले. त्या मजुरांची नातवंडे आज त्याच तलावाखालच्या शेतात राहतात.

ऑगस्ट 2021 च्या अखेरीस शेवगाव-पाथर्डी भागात एका रात्रीत एवढा पाऊस झाला की नंदिनी नदीचे पाणी काठच्या गावांत शिरले आणि जनावरे वाहून गेली. एरवी टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्यातही असा पाऊस पडू शकतो. तो पडला तर पन्नास वर्षांपूर्वीची मातीची भिंत टिकेल का, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

मातीची भिंत पाणी अडवते कशी?

मातीचे धरण मुळातच कच्चे असते, हा गैरसमज आहे. जायकवाडीचे सुमारे 10 किलोमीटर लांबीचे धरणही मुख्यतः मातीचेच आहे. नीट बांधलेल्या भरावाच्या पोटात चिकण मातीचा गाभा असतो. तो पाणी अडवतो. गाभ्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचे जाड आवरण असते, ते भिंतीला वजन आणि आधार देते. पाण्याकडच्या उतारावर लाटांनी माती धुपू नये म्हणून दगडांचे पिचिंग करतात. गाभा जमिनीखाली खणलेल्या चरात उतरवलेला असतो, म्हणजे पाणी भिंतीखालून सहज निसटत नाही. गावाकडच्या पायथ्याशी दगडांचा थर ठेवतात. भिंतीत मुरलेले थोडे पाणी त्यातून माती न वाहता बाहेर पडते.

भिंतीच्या एका टोकाला सांडवा असतो. तलाव भरल्यावर जादा पाणी तिथून ओढ्याला जाते. सांडव्याची पातळी भिंतीच्या माथ्यापेक्षा बरीच खाली ठेवलेली असते. दगडी बंधाऱ्यावरून पाणी गेले तरी तो बहुधा टिकतो. मातीच्या भरावावरून पाणी वाहू लागले, तर काही तासांत भिंत कापली जाऊ शकते.

तलाव छोटा म्हणून धोका छोटा, असेही नाही. दहा हेक्टरवर सरासरी तीन मीटर पाणी असेल, तर ते तीन लाख घनमीटर होते. त्याचे वजन तीन लाख टन, म्हणजे दहा टनांच्या तीस हजार टिपरांएवढे.

पाझरणे चांगले कुठवर?

पाझर तलाव बांधतातच पाणी जमिनीत मुरावे म्हणून. त्यामुळे भिंतीखाली ओल दिसली की ‘तलाव चांगला पाझरतोय’ असे समाधान वाटते. इथेच फसगत होते. तलावाच्या तळातून मुरणारे पाणी विहिरी भरते. भरावातून वाट काढणारे पाणी भिंत पोखरते.

दोन्ही ओळखायची सोपी खूण म्हणजे पाण्याचा रंग. पायथ्याशी येणारे पाणी नितळ असेल, तलावाची पातळी उतरली की कमी होत असेल, तर घाबरण्याचे कारण सहसा नसते. पाणी गढूळ झाले की ते भिंतीतली माती सोबत आणत आहे असे समजावे. आधी करंगळीएवढी वाट पडते. माती निघते तशी ती रुंदावते, जास्त पाणी येते आणि ते आणखी माती नेते. काही वेळा पायथ्याजवळच्या जमिनीतून पाणी उकळ्यांसारखे बुडबुडत वर येते आणि भोवती बारीक मातीचे कडे साचते. हेही तेच लक्षण.

दुष्काळ भिंतीला काय करतो?

शेवगावसारख्या भागात तलाव वर्षातले कित्येक महिने कोरडा असतो, कधी सलग दोन-तीन वर्षे. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसून भेगाळते. उन्हाळ्यात शेताला पडतात तशाच भेगा भरावालाही पडतात. भिंतीच्या लांबीने गेलेली भेग बहुधा उतार घसरत असल्याची किंवा भराव खचत असल्याची खूण असते. तलावाकडून गावाकडे जाणारी भेग अधिक वाईट, कारण पाण्याला आयतीच वाट मिळते.

कोरड्या वर्षांत भरावावर वेडी बाभूळ माजते. तिची मुळे गाभ्यापर्यंत जातात आणि झाड मेले की कुजलेल्या मुळाच्या जागी पोकळी राहते. उंदीर, घुशी, साळिंदर बिळे करतात. मग एखाद्या वर्षी एकाच रात्रीत तलाव तुडुंब भरतो आणि या सगळ्याची परीक्षा एकदमच होते.

माणसांचे उद्योग यात भर घालतात. मोटारीची पाइपलाइन टाकायला भराव किंवा सांडवा खोदला जातो. जादा पाणी साठावे म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचली जातात. मोकळी दिसते म्हणून सांडव्याची वाट शेताला जोडली जाते. गाळ काढताना पोकलेन थेट भिंतीच्या पायथ्याला भिडते. गाळ काढणे उपयोगाचेच आहे, पण पायथ्याला लागून खोल खणले तर भरावाचा आधार जातो आणि पाण्याला भिंतीखाली शिरायला नवी वाट मिळते.

तिवरे आणि पानशेत

2 जुलै 2019 च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले. मातीच्या या लघुपाटबंधारे धरणाखालची भेंदवाडी वाहून गेली आणि वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. धरणाला गळती असल्याची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती आणि डागडुजीही झाली होती. पुढे बराच काळ चर्चा झाली ती खेकड्यांनी धरण पोखरले या विधानाची. खेकडे बिळे करतात हे खरे आहे. पण भरावातले बीळ शोधून बुजवणे हे देखभालीचेच काम आहे. खेकड्याकडे बोट दाखवल्याने ते कुणाचे होते, हा प्रश्न मिटत नाही.

12 जुलै 1961 ला पानशेत फुटले, तेव्हा धरणाचे काम अपुरे होते. पाणी सोडण्याच्या मार्गावरचा भराव खचत गेला आणि पाणी त्यावरून वाहू लागले. मातीच्या भिंतीतून नळ किंवा मोरी जिथे जाते, ती जागा नेहमीच नाजूक असते, हा त्यातला धडा. सिंचनासाठी पाणी सोडणाऱ्या छोट्या तलावांनाही तो लागू होतो.

जबाबदारी कोणाची?

2021 चा धरण सुरक्षितता कायदा 15 मीटरहून उंच धरणांना लागू आहे. 10 ते 15 मीटर उंचीची धरणे लांबी, साठा यांसारख्या अटींत बसली तरच त्यात येतात. गावोगावचे बहुतेक पाझर तलाव यापेक्षा बुटके असल्याने कायद्याबाहेर राहतात. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेची कामे साधारणपणे जिल्हा परिषदेकडे आणि त्यापुढची मृद व जलसंधारण किंवा जलसंपदा विभागाकडे असतात. म्हणून आपला तलाव नेमका कोणाच्या दप्तरी आहे, हे ग्रामपंचायतीने पावसाळ्याआधीच लेखी विचारून घ्यावे. भिंत फुटायला आली असताना ते शोधत बसायला वेळ नसतो.

गावाने काय पाहावे?

मे महिन्यात, तलाव कोरडा असताना, दोन-चार जाणत्या माणसांनी भिंतीवरून आणि दोन्ही पायथ्यांनी चालत जावे. भेगा, बिळे, खचलेला माथा, निसटलेले पिचिंग, अडलेला सांडवा यांची नोंद करून तारखेसह फोटो काढावेत आणि संबंधित कार्यालयात अर्जाची पोच घ्यावी. माथा मधोमध खचला असेल तर ते आधी लिहावे, कारण पुराचे पाणी तिथूनच उलटते. मोठी झाडे तलाव भरलेला असताना उपटू नयेत. ती उन्हाळ्यात मुळांसकट काढून खड्डा योग्य मातीने, थराथराने पाणी मारून आणि चोपून भरावा लागतो.

तलाव भरल्यावर पायथ्याची फेरी रोज हवी. गढूळ पाणी दिसले तर आधी भिंतीखालच्या वस्त्या हलवाव्यात आणि तहसील कार्यालयाला किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाला 1077 वर कळवावे. माती टाकून बाहेरचे तोंड बुजवण्याचा मोह टाळावा. कोंडलेले पाणी दुसरीकडून फुटते. जाणकार अशा जागी आधी जाड वाळू, वर खडी आणि त्यावर दगड असा थर देतात. पाणी येत राहते, माती मात्र अडते. भिंत जागच्या जागी फोडून पाणी काढणे तर सर्वांत घातक. पाझर तलावाला बहुधा दरवाजा नसतो, त्यामुळे पातळी उतरवायची असेल तर ती अभियंत्याच्या देखरेखीखाली पंप लावून किंवा सांडव्याच्या बाजूने उतरवावी लागते.

जायकवाडीवर अभियंते आणि मोजमापाची साधने आहेत. ओढ्यावरच्या तलावावर नजर ठेवायला बहुतेकदा फक्त तिथून जाणारा गुराखी आणि खालचा शेतकरी असतो. पाण्याचा रंग बदललेला सर्वांत आधी त्यांनाच दिसतो. त्यांनी तो पाहिला की कोणाला फोन करायचा, एवढे गावात आधी ठरलेले असावे.