आधी मोजमाप, मग बदल: गो भाषेतला गार्बेज कलेक्टर

सर्व्हर संथ झाला की आपण पटकन म्हणतो, ‘जीसीमुळे असेल’, आणि कुठलीतरी सेटिंग बदलून मोकळे होतो. आम्हीही हे केलंय. म्हणून आज आपण आधी मोजायला शिकू.

गोचा प्रोग्रॅम ‘गोडीबग’ या व्हेरिएबलमध्ये ‘जीसीट्रेस=१’ लिहून चालवला, की कलेक्टरच्या प्रत्येक फेरीनंतर एक ओळ छापली जाते. समजा, तिच्यात २९०, २९८ आणि १५० एमबी असे आकडे आले. पहिला आकडा फेरी सुरू होतानाच्या हीपचा, दुसरा ती संपतानाचा. तिसरा सर्वांत महत्त्वाचा: अजून वापरात असलेली, म्हणजे ‘जिवंत’ मेमरी. त्याच ओळीत एक टक्केवारीही असते. प्रोग्रॅम सुरू झाल्यापासून किती वेळ जीसीत गेला, ते ती सांगते. ती एक-दोन टक्केच असेल, तर दुखणं बहुधा दुसरीकडेच आहे. पण ही सरासरी आहे, बरं का! एखादीच विनंती का अडकली, हे पाहायला एक्झिक्युशन ट्रेस काढावा लागतो.

आता बदलायचं काय? ‘गोजीसी’ची मूळ किंमत १०० असते. म्हणजे जिवंत मेमरीइतकीच आणखी भर पडली, की फेरी पुरी व्हायला हवी. १५० एमबी जिवंत असतील, तर लक्ष्य साधारण ३०० एमबी. किंमत २०० केली तर लक्ष्य ४५०. फेऱ्या जवळपास निम्म्या होतात, पण मेमरी जास्त लागते. फेरीचा खर्च मुख्यतः जिवंत वस्तूंवर ठरतो, कारण कलेक्टर त्याच शोधत फिरतो. कचरा किती, यावर तो फारसा अवलंबून नसतो.

खरा धोका गर्दीच्या वेळी येतो. कंटेनरला १ जीबीची मर्यादा आहे आणि जिवंत मेमरी ६०० एमबीवर गेली, तर लक्ष्य होतं १२०० एमबी. तिथवर पोचण्याआधीच लिनक्स प्रक्रिया मारून टाकतो, आणि ग्राहकांच्या विनंत्या अर्ध्यावर तुटतात. यासाठीच २०२२ मध्ये गो १.१९ ने ‘गोमेमलिमिट’ आणलं. ते कंटेनरच्या मर्यादेपेक्षा पाच-दहा टक्के खाली ठेवलं, की कलेक्टर वेळीच जास्त फेऱ्या मारू लागतो.

मात्र ही मर्यादा लवचिक आहे. जिवंत मेमरीच तिला भिडली, तर फेऱ्या थांबतच नाहीत. सगळा सीपीयू त्यातच जाऊ नये म्हणून रनटाइम जीसीला सुमारे ५० टक्क्यांवर रोखतो, आणि मग मेमरी मर्यादा ओलांडू शकते. अशा वेळी सेटिंगशी खेळून उपयोग नाही. हीप प्रोफाइल काढा, कुठली ओळ मेमरी धरून बसलीय ते पाहा आणि कोड सुधारा.

एक पथ्य मात्र पाळा: एका वेळी एकच सेटिंग बदला, आणि दोन्ही वेळा भार सारखाच ठेवा. नाहीतर फरक कशामुळे पडला, हे आपल्यालाच सांगता येणार नाही.