सिंह उलटा करून बघा

बेंगळुरूच्या बीव्हीके अय्यंगार रस्त्यावर रविवारी जुना बाजार भरतो. तिथे पितळी समया आणि बंद घड्याळांच्या ढिगात मला चिनी मातीचा एक वीतभर पांढरा सिंह सापडला. पाठीवर चौकोनी शिक्का दाबलेला. विकणारा म्हणाला, "राजाच्या काळातला आहे, सर."

शिक्का मी सर्वांत शेवटी बघतो. विजेच्या खांबांवरचे चिनी मातीचे इन्सुलेटर भाजण्यात माझी तीस वर्षं गेली, त्यामुळे हात आधी बुडाकडे जातो. तिथे झिलई नसते, माती उघडी असते.

'चिनी माती' म्हटलं तरी चीनमधल्या सगळ्या भट्ट्या सारख्या नव्हेत. फूजियान प्रांतातल्या देहुआच्या मातीत लोह अगदी कमी. भट्टीत हवा खेळती ठेवली की तिचा पांढरा रंग सायीसारखा उतरतो. जिंगदेझेनला हवा कोंडून भाजत, म्हणून तिथल्या झिलईत निळसर झाक. लोहाचा एवढासा अंश, पण हवा बदलली की रंग बदलतो. हे मी भट्टीसमोर उभं राहून पाहिलंय. जपानच्या कुतानीचे सिंह बहुधा रंगांनी आणि सोन्याने मढवलेले. रंग झिलईवर चढवून पुन्हा भाजतात, त्यामुळे बोटाला उंचवटा लागतो.

चिनी जोडीत नराच्या पंजाखाली चेंडू, मादीच्या पंजाखाली बछडा. जपानी देवळांपुढच्या जोडीत एकाचं तोंड उघडं, दुसऱ्याचं मिटलेलं: एक 'अ' उच्चारतो, दुसरा 'हूं'. ही अक्षरं आपल्या संस्कृतातून बौद्ध धर्माबरोबर तिकडे पोचली! मात्र नुसत्या तोंडावरून देश ठरवू नये. चिनी जोड्यांतही हा फरक आढळतो.

अमेरिकेत १८९१पासून आयात मालावर देशाचं नाव इंग्रजीत लागे. म्हणून १९२१पर्यंतच्या जपानी वस्तूंवर 'निप्पॉन', पुढे 'जपान' दिसतं. तो कायदा अमेरिकेचा. आपल्याकडे आलेल्या सिंहावर नाव नसलं, तर तेवढ्यावरून तो जुना ठरत नाही.

माझ्या सिंहावरचा शिक्का 'हे चाओझोंग' या मिंग काळातल्या देहुआच्या मूर्तिकाराचा. त्याची कीर्ती एवढी, की पुढची कित्येक शतकं इतर लोक त्याचंच नाव उमटवत राहिले. मी बुडातून टॉर्च मारली. आतली भिंत गुळगुळीत, सगळीकडे एका जाडीची, बाहेरच्या आयाळीबरोबर वळणारी. म्हणजे प्लॅस्टरच्या साच्यात पातळ माती ओतून केलेला, विसाव्या शतकातला. जुन्या पद्धतीत मऊ माती साच्याच्या दोन अर्ध्या भागांत हाताने दाबून बसवत.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंनी माहेरच्या कपाटातला सिंह दाखवायला आणला. कान तुटका, शिक्का कुठेच नाही. उघड्या बुडातून आत बोट घातलं, तर एक खळगा लागला, शेजारी दुसरा. मग काकूंना म्हटलं, तुम्ही घाला. त्यांचा अंगठा त्यात नेमका बसला.