सूर्यास्त साडेपाचला : चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनयात्रेची आखणी

मुंबईच्या पंचांगात डिसेंबरच्या मध्यास सूर्यास्ताची वेळ सहा वाजून काही मिनिटे अशी छापलेली असते. तेच पंचांग गाडीच्या कप्प्यात ठेवून चंद्रपूरला पोहोचलेल्या कुटुंबाची पहिल्याच संध्याकाळी फसगत होते. चंद्रपूर मुंबईच्या पूर्वेस सुमारे साडेसहा रेखांश आहे आणि एका रेखांशास चार मिनिटे या हिशेबाने तेथील सूर्य मुंबईच्या पंचवीस मिनिटे आधी मावळतो. डिसेंबरात ही वेळ साडेपाचच्या थोडी पुढे येते. भामरागड आणखी पूर्वेला असल्यामुळे तेथे साडेपाच हीच वेळ धरावी लागते. सूर्यास्तापूर्वी दोन घटिका भोजन आटोपणाऱ्या घरातील वडीलधाऱ्या मंडळींनी तर पावणेपाचलाच ताटावरून उठायला हवे. सहलीची उरलेली सगळी आखणी, मुक्काम, सफारीची फेरी, निघण्याची वेळ, ही या एका आकड्याभोवती फिरते. हॉटेल आणि गाडी यांचा विचार त्याच्या नंतरचा.

स्वतःच्या गाडीने विदर्भाच्या जंगलात जाण्याची हौस अलीकडे व्यापारी कुटुंबांत वाढली आहे. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून मुंबई ते नागपूर हे ७०१ किलोमीटरचे अंतर एका दिवसाच्या टप्प्यात आले. पुण्याच्या मंडळींना हा मार्ग छत्रपती संभाजीनगरजवळ गाठता येतो. ताडोब्यासाठी नागपूरपर्यंत जाण्याचे कारण नाही. वर्ध्याजवळ खाली उतरून जाममार्गे वरोऱ्याची वाट धरावी. मात्र एकाच दमात हा पल्ला मारण्याचा मोह टाळलेला बरा. काँक्रीटच्या सलग रस्त्यावर तासन्‌तास वेगाने धावणाऱ्या जुन्या टायरांनी दगा दिल्याच्या घटना या महामार्गावर घडलेल्या आहेत. निघण्यापूर्वी टायरांचे वय पाहावे. वर्षभर दुकान ते घर एवढेच धावलेले टायर वरून नवे दिसतात, पण रबराला वयही असते.

जाण्याचा काळ जंगलच ठरवून देते. ताडोब्याचे गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते. चातुर्मासातील साधुसाध्वींचा स्थिरवास आणि वनाची विश्रांती यांचे महिने बहुतेक एकच आहेत, आणि दोहोंमागे पावसाळ्यातील जीवोत्पत्तीचे कारण आहे. चातुर्मासात लांबचा प्रवास न करण्याचा नियम असलेली कुटुंबे कार्तिकी पौर्णिमेनंतर निघतात, म्हणजे नेमकी लहान दिवसांत. एप्रिल-मे महिन्यांत दिवस मोठा मिळतो, सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास होतो आणि पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यताही वाढते; पण चंद्रपूरचा पारा तेव्हा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. उघड्या जिप्सीत लहान मुले आणि सत्तरीपुढील माणसे घेऊन त्या उन्हात फिरणे म्हणजे आजार विकत घेणे होय. मध्यममार्ग म्हणून फेब्रुवारी आणि मार्चचा पहिला पंधरवडा चांगला. पहाटेची थंडी मोडलेली असते, पळस फुललेला असतो आणि संध्याकाळीही सहापर्यंत उजेड मिळतो.

पहिला मुक्काम भद्रावतीला करावा. चंद्रपूरच्या अलीकडे सुमारे पंचवीस किलोमीटरवर, जुन्या भांदक नगरीच्या परिसरात श्री स्वप्नदेव केसरिया पार्श्वनाथांचे तीर्थ आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथ तीर्थाच्या व्यवस्थापकास स्वप्नात दृष्टांत झाला आणि त्यावरून येथील जंगलात दडलेल्या या श्यामवर्णी मूर्तीचा शोध लागला, अशी परंपरा सांगते. ‘स्वप्नदेव’ हे नाव त्यावरूनच आले. आज धर्मशाळा आणि भोजनशाळा असलेल्या या ठिकाणी एकेकाळी रान होते, हे तेथे उभे राहिल्यावर लक्षात ठेवण्याजोगे आहे. प्रवासाच्या दृष्टीने याचा उपयोग फार मोठा. पाणी उकाळून मिळते, कंदमुळांची चिंता नसते आणि पुढील दोन दिवसांची शिदोरी येथे नीट लावता येते. मात्र भोजनशाळेला येण्याची वेळ आधी दूरध्वनीने कळवावी. सूर्यास्ताच्या पाच मिनिटे आधी आठ माणसांनी दारात उभे राहून स्वयंपाक्यास धावपळ करायला लावणे, ही यात्रेकरूंची जुनी खोड आहे आणि ती शोभत नाही.

ताडोबा हे महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान. १९५५ मध्ये ११६.५५ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र घोषित झाले. पुढे १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झाले आणि नंतर दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प उभा राहिला. वाघाशी झुंजताना मरण पावलेला गावप्रमुख तारू याच्या नावावरून ताडोबा हे नाव पडले असे आदिवासी मानतात. त्याचे स्थान तलावाकाठी आहे. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, पांगडी अशी अनेक प्रवेशद्वारे आहेत. भद्रावती-चंद्रपूरकडून येणाऱ्यास मोहर्ली सोयीचे.

स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांचा मोठा गैरसमज येथेच दूर होतो. स्वतःची गाडी फक्त प्रवेशद्वारापर्यंत. आत वनविभागाकडे नोंदलेली जिप्सी, तिचा चालक आणि सोबत मार्गदर्शक असे जावे लागते. एका जिप्सीत सहा पर्यटक. आरक्षण संगणकावर आधी करावे लागते, ज्याच्या नावाने परवाना त्याचे मूळ ओळखपत्र जवळ लागते आणि नाव बदलून चुलतभावास पाठवू म्हटले तर ते चालत नाही. मंगळवारी गाभा क्षेत्र बंद असते. गाभ्यात मोबाइल नेण्यास बंदी आहे. यावर पुष्कळ जण कुरकुर करतात, पण मुलांच्या हातून चार तास तो खेळ सुटतो हा लाभ लहान समजू नये.

आता पुन्हा त्या साडेपाचकडे वळू. हिवाळ्यात दुपारची फेरी सहाच्या सुमारास संपते. आत खाण्याची सोय नाही आणि वाटेत उतरता येत नाही. म्हणजे चौविहार करणाऱ्याने दुपारची फेरी घेतली तर दुपारी जेवून निघावे, सोबतचे पाणी सूर्यास्ताआधी पिऊन घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी नवकारशीपर्यंत तोंड बंद ठेवावे. तरुणांस हे सहज जमते. घरात मधुमेही आजी असेल तर जमत नाही, आणि जमवूही नये. दुपारी अडीचपासून दुसऱ्या सकाळी साडेसातपर्यंत उपाशी राहणे, तेही गोळ्या चालू असताना, हा व्रताचा भाग नसून आखणीतील चूक आहे. अशा कुटुंबाने सकाळचीच फेरी घ्यावी. ती सूर्योदयाच्या सुमारास सुरू होते. सूर्योदय पावणेसातच्या आसपास आणि त्यापुढे अठ्ठेचाळीस मिनिटे नवकारशीची धरली, तर साडेसातनंतर स्टीलच्या बाटलीतील पाणी घेता येते. दहा-अकराच्या दरम्यान बाहेर आल्यावर भोजन, आणि संध्याकाळचे जेवण शांतपणे उजेडात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र सकाळच्या फेरीआधीही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

सकाळी वाघ दिसत नाही आणि दुपारी दिसतो असा काही नियम नाही. वाघ दिसलाच पाहिजे, हा हट्टच मुळात सोडून जावे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी जवळच्याच उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट पर्यटकांच्या जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवून धरली होती आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या जिप्सींत बसलेली माणसे तुमच्याआमच्यासारखीच सुट्टीला आलेली कुटुंबे होती. कोणी काठी उगारली नाही, कोणी दगड मारला नाही. चालकास फक्त ‘अजून थोडे पुढे घ्या’ एवढेच म्हटले असेल. चालकाला बक्षीस देण्याची जुनी रीत आहे. ते वाघ दाखवण्यावर अवलंबून ठेवले की वाट अडवण्याची सुरुवात होते. बक्षीस द्यायचेच तर निघण्याआधी सांगून टाकावे : काही दिसो न दिसो, इतके मिळतील.

प्रवेशद्वाराबाहेरचा रस्ताही जंगलच आहे. पद्मापूर ते मोहर्ली या मार्गावर वाघ-अस्वले सर्रास रस्ता ओलांडतात. तेथे गाडी थांबवू नये, काच खाली करू नये, भोंगा वाजवू नये. सूर्यास्तानंतर त्या रस्त्याने गाडी हाकूच नये, हे आणखी महत्त्वाचे. दिव्यांच्या झोतात चितळ जागच्या जागी खिळून उभे राहते आणि रानमांजर किंवा साप चालकास दिसतही नाही. ईर्यासमिती पायी चालणाऱ्यासाठी सांगितली आहे हे खरे, पण पायांच्या जागी चार चाके आली म्हणून जयणा सुटत नाही. रात्रिभोजनत्यागाचा आणि रात्रीच्या वाहनत्यागाचा हिशेब येथे एकच होतो : दिवस मावळला की गाडी आणि ताट, दोन्ही आवरलेली असावीत.

येथपर्यंत बहुतेक जण जातात आणि परततात. दोन दिवस हाताशी असतील तर वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत जावे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचा तीनचतुर्थांश भाग वनाखाली आहे. चंद्रपूरहून बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी असा रस्ता आलापल्लीस जातो. लोहखनिजाच्या अवजड ट्रकांमुळे आष्टी-आलापल्ली पट्ट्यातील रस्ता ठिकठिकाणी खचतो, म्हणून नकाशावर दिसणाऱ्या वेळेत निदान एक तास मिळवावा. आलापल्ली किंवा अहेरीत टाकी पूर्ण भरावी, टायरांतील हवा पाहावी आणि रोख रक्कम जवळ ठेवावी. पुढे मोबाइलची लहर येते-जाते आणि तिच्याबरोबर यूपीआयही जाते. सुट्ट्या नोटांचे पुडके जुन्या पद्धतीने दोन ठिकाणी विभागून ठेवणे येथे शहाणपणाचे ठरते.

नक्षल चळवळीमुळे अनेक वर्षे लोक या वाटेस फिरकत नव्हते. ती परिस्थिती बरीच पालटली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये चळवळीच्या एका ज्येष्ठ नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. तरीही आतल्या फाट्यांवर शिरण्याआधी स्थानिक पोलीस ठाण्यात रस्त्याची चौकशी करावी आणि मुख्य मार्ग सोडू नये. पावसाळ्यात तर जाऊच नये. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो.

आलापल्लीजवळ ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ नावाचा सहा हेक्टरांचा वनखंड आहे. १९५३ पासून तेथे कुऱ्हाड लागलेली नाही, आणि २०१४ मध्ये त्यास जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. सागवानाचा व्यापार केलेल्या घरांतील मंडळींनी हे वन मुद्दाम पाहावे. लाकूड घनफुटांत मोजण्याची सवय असलेल्या नजरेला न तोडलेला साग वेगळाच दिसतो. वाट थोडी वाकडी केल्यास कमलापूरचा शासकीय हत्ती कॅम्प लागतो. पूर्वी ओंडके ओढण्यासाठी पाळलेल्या हत्तींची ही वसाहत.

आलापल्लीहून साधारण पासष्ट किलोमीटरवर भामरागड आणि त्याच्या तीन किलोमीटर अलीकडे हेमलकसा. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो उभा केला. २००८ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रुग्णालय आणि शाळेइतकेच जैन वाचकाचे लक्ष वेधून घेईल ते तेथील प्राण्यांचे अनाथालय. शिकार करून परतणाऱ्या माडिया गोंडांच्या खांद्यावर मेलेली माकडीण आणि तिला बिलगलेले जिवंत पिल्लू पाहून डॉ. प्रकाश यांनी ते पिल्लू मागून घेतले, तेथून या कामाची सुरुवात झाली. पोटासाठी मारणाऱ्यास त्यांनी दूषणे दिली नाहीत. पोरक्या पिल्लाच्या मोबदल्यात धान्य देऊ केले. पांजरपोळास देणगी देणाऱ्या आपल्या समाजाला जीवदयेचा हा मार्ग परका वाटू नये, पण त्यातील एक गोष्ट अवघड आहे. मांसाहार करणाऱ्या माणसाच्या अंगणात बसून, त्याच्या ताटाकडे तिरस्काराने न पाहता, त्याच्याशी बोलणे. मुलांना हेमलकशास नेताना वाटेतच हे समजावून सांगावे. तेथे जाऊन नाक मुरडण्यापेक्षा घरी राहिलेले चांगले.

शिदोरीचे गणित सोपे आहे. खाकरा, ठेपले, सुखडी, मुरमुरे, भाजलेले चणे, मुगाची कोरडी डाळ. तिथीच्या दिवशी हिरवी भाजी वर्ज्य असेल तर मेथीचे ठेपले वेगळ्या डब्यात. पाण्याचा हिशेब अधिक बारीक. उकाळलेल्या पाण्याची मर्यादा हिवाळ्यात चार प्रहर आणि उन्हाळ्यात पाच प्रहर मानली जाते, म्हणजे अनुक्रमे बारा व पंधरा तास. सकाळी भद्रावतीस उकाळलेले पाणी त्याच दिवसापुरते. म्हणून लहान गॅस शेगडी, पातेले आणि गाळण्याचे जाड कापड गाडीत असावे. शेगडी वनक्षेत्रात कोठेही पेटवू नये. मुक्कामाच्या जागी विचारून पेटवावी. हिवतापाच्या बाबतीत गडचिरोली वर्षानुवर्षे राज्यात पुढे आहे. डास मारायचा नाही हे ठरलेले असेल तर तो चावणार नाही याची तजवीज दुप्पट हवी : प्रत्येकास मच्छरदाणी, पूर्ण बाह्या, संध्याकाळी अंगाला मलम. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर रक्त तपासताना गडचिरोलीचे नाव डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम यांचा संगम भामरागडला सकाळच्या उजेडात पाहून घ्यावा. परतीसाठी दुपारी बाराची वेळ धरावी. दोन-अडीच तासांत आलापल्ली येते, चाक बदलण्याचा प्रसंग आला तरी तासभर हाताशी उरतो आणि पावणेपाचच्या आत डबा उघडता येतो.