गुडघ्याला घाई चालत नाही

खेळताना गुडघ्यात ‘कट्ट’ असा आवाज झाला आणि गुडघा सुजला, तर आपल्याकडे काय करतात? कुणी तेल लावून चोळतो, कुणी विटेने शेकतो आणि पंधरा दिवसांत पोरगा लंगडत पुन्हा मैदानात उतरतो. म्हणून आज आयर्लंडमधल्या एका खेळाडूची हकिगत सांगतो.

गेलिक फुटबॉल हा आयरिश लोकांचा जिवाभावाचा खेळ. एका संघात पंधरा जण. चेंडू पायाने मारता येतो, हातानेही खेळता येतो. उंच उड्या आणि धावता धावता एकदम वळणे हे त्यात नेहमीचेच. खेळाडू कितीही नामवंत असो, खेळण्याचा पगार नाही. पोटासाठी नोकरीधंदा करावा लागतो. किलार्नी गावचा कॉलम कूपर बँकेत नोकरी करी. ‘गूच’ या टोपणनावाने ओळखला जाणारा हा आघाडीचा खेळाडू २००२ पासून केरी परगण्याकडून खेळला. वर्षातील उत्कृष्ट खेळाडूंना दिला जाणारा ‘ऑल स्टार’ पुरस्कार त्याने आठ वेळा मिळवला.

फेब्रुवारी २०१४ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, क्लबच्या उपांत्य सामन्यात त्याच्या गुडघ्याची लिगामेंट, म्हणजे अस्थिबंध तुटला. गुडघ्याच्या आत फुलीसारखे एकमेकांना छेदणारे दोन चिवट बंध असतात. मांडीचे हाड आणि नडगी यांना ते जागेवर धरून ठेवतात. पाय जमिनीत रुतलेला असताना अंग वळले की पुढचा बंध तुटू शकतो. पूर्ण तुटलेला बंध सहसा आपोआप पूर्ववत जुळत नाही. खेळात परतायचे असेल, तर बहुधा रुग्णाच्याच पायातील कंडरा घेऊन तिथे नवा बंध बसवतात. तो पक्का व्हायला आणि मांडीत पुन्हा ताकद यायला नऊ महिने ते वर्ष लागते. त्याआधी खेळल्यास बंध पुन्हा तुटण्याचा धोका वाढतो.

सप्टेंबर २०१४ मध्ये केरीने अखिल आयर्लंड विजेतेपद जिंकले. कूपर त्या सामन्यात खेळला नाही. बाहेर बसून पाहणे किती जड गेले असेल! पण २०१५ मध्ये तो परतला आणि त्या वर्षीच्या अंतिम सामन्यातही खेळला. मार्च २०१७ मध्ये त्याच्या डॉक्टर क्रोक्स क्लबने अखिल आयर्लंड क्लब विजेतेपद मिळवले, तेव्हा अंतिम सामन्यात त्याने गोल केला. पुढच्याच महिन्यात तो केरी संघातून निवृत्त झाला. थांबल्यामुळे त्याला पुढेही खेळता आले.

आपल्या कबड्डी, खो-खो खेळणाऱ्या मुलामुलींनी एवढे लक्षात ठेवावे :

* गुडघा दुखावला की खेळ तिथेच थांबवा.
* कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावा, पट्टी बांधा, पाय उंच ठेवा.
* पहिले दोन-तीन दिवस चोळू नका, शेकू नका.
* काही तासांत सूज आली, किंवा चालताना गुडघा दगा देतो असे वाटले, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. साध्या एक्स-रेत बंध दिसत नाही, एम.आर.आय. करावा लागू शकतो.
* प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. व्यायाम मात्र सर्वांनाच लागतो.
* खेळण्याआधी पंधरा मिनिटे अंग गरम करा. उडीनंतर गुडघे किंचित वाकवूनच जमिनीवर या.

आणि पालकहो, सामना पुढच्या वर्षीही असतो. गुडघे मात्र दोनच.