धुळीचं वावडं आणि शरीराची आठवण

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दसरा-दिवाळीच्या आधी घर झाडायला काढलं, की प्रत्येक घरात एखादा तरी असा निघतो, ज्याच्या हाती कुणी झाडू देत नाही. माळ्यावरची पहिली वळकटी खाली आली, की त्याच्या शिंका सुरू होतात. ''याला धुळीची ॲलर्जी आहे हो,'' असं सांगून आपण पुढच्या कामाला लागतो. आज मला या धुळीबद्दल बोलायचं आहे; पण त्याहून जास्त त्या शिंकणाऱ्याच्या रक्ताबद्दल. कारण एका घरातली धूळ सगळ्यांच्याच नाकात जाते. शिंकतो मात्र तो एकटाच. असं का?

हा प्रश्न मला डॉक्टर होण्याच्या खूप आधी पडला होता. आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यातलं. धाकट्या भावाला लहानपणापासून दमा. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत, रात्री दोन-अडीचच्या सुमारास त्याची छाती वाजू लागायची. केळं बंद, पेरू बंद, दही-ताक बंद, पावसात खेळणं तर बंदच बंद. आणि दम लागला, की आई त्याला माजघरातल्या सर्वांत जाड कापसाच्या गादीवर निजवायची, अंगावर रजई घालायची आणि गार वारा नको म्हणून खिडकी लावून घ्यायची. स्वतः उशाशी बसून रात्र काढायची. एकदा गाद्या पिंजायला पिंजारी अंगणात आला होता, त्या दिवशी तर भावाला उचलून डॉक्टरांकडे न्यावं लागलं. ''काल त्याने चोरून पेरू खाल्ला असणार,'' असं घरात ठरलं. समोर पिंजला जात असलेला कापूस कुणाच्याच डोळ्यांत आला नाही.

त्या गादीत काय होतं, ते आधी पाहू.

घरातल्या धुळीत, विशेषतः गाद्या, उशा, रजया यांत, माइट नावाचे सूक्ष्म जीव राहतात. हे कोळी आणि गोचीड यांच्या कुळातले, आठ पायांचे. लांबी मिलिमीटरचा तिसरा-चौथा हिस्सा, म्हणून नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत म्हटलं तरी चालेल. ढेकणासारखे ते चावत नाहीत, रक्त पीत नाहीत. आपल्या अंगावरून रोज गळणारे कातडीचे बारीक कण हे त्यांचं अन्न. त्यांच्या एका प्रमुख गणाचं नावच मुळी डर्मॅटोफॅगॉइडिस, म्हणजे कातडी खाणारे. पाणी ते पीत नाहीत, हवेतला ओलावा अंगात शोषून घेतात. म्हणून हवेतली आर्द्रता सत्तर-ऐंशी टक्के असली, की त्यांची भरभराट होते; पन्नास टक्क्यांच्या खाली बराच काळ राहिली, की ते सुकून मरतात. कोकण, मुंबई, गोवा इथली पावसाळी हवा आणि निजणाऱ्या माणसाच्या अंगाची ऊब, घाम. माइटला आणखी काय हवं?

घरातल्या धुळीने दमा उठतो, हे डॉक्टरांना १९२० च्या दशकापासून ठाऊक होतं. पण धुळीत तर कापूस, केस, बुरशी, माती, सगळंच असतं; त्यातलं नेमकं काय, हे कळत नव्हतं. १९६४ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन इथे व्होरहोर्स्ट, स्पीक्समा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माइटकडे बोट दाखवलं. पुढे १९८१ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट सिद्ध केली: त्रासाचं मुख्य मूळ माइटच्या विष्ठेत आहे. एक माइट दिवसाला सुमारे वीस लेंड्या टाकतो. प्रत्येक लेंडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी. तिच्यात माइटच्या पोटातलं एक पाचक प्रथिन असतं, त्याला डर पी वन म्हणतात. या लेंड्या तशा जड. उडाल्या तरी अर्ध्या तासात खाली बसतात. म्हणून शांत खोलीच्या हवेत त्या फारशा सापडत नाहीत. पण कूस बदलली, उशी थोपटली, चादर झटकली, की थेट नाकाशी येतात.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. लेंड्या सगळ्यांच्याच नाकात जातात, मग एकालाच वावडं का?

याचं उत्तर रक्तात आहे, हे दाखवणारा प्रयोग मोठा धाडसी होता. ब्रेस्लाऊ या तेव्हाच्या जर्मन शहरात प्रॉसनिट्स आणि क्युस्टनर हे दोन डॉक्टर होते. क्युस्टनर यांना मासे सोसत नसत. प्रॉसनिट्स यांना माशांचा काही त्रास नव्हता. त्यांनी क्युस्टनर यांच्या रक्तातला द्रव घेऊन स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि तिथे खाजरी गांध उठली. १९२१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. म्हणजे एकाचं वावडं दुसऱ्याच्या कातडीत उतरवता येत होतं. रक्तात 'काहीतरी' होतं. ते काय, हे कळायला आणखी पंचेचाळीस वर्षं जावी लागली. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर इथे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने, आणि १९६७ मध्ये स्वीडनमध्ये योहानसन आणि बेनिच यांनी स्वतंत्रपणे त्याचा माग काढला. १९६८ मध्ये त्याचं नाव ठरलं: इम्युनोग्लोब्युलिन ई, थोडक्यात आयजीई.

हे एक प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी. बाहेरून आलेल्या पदार्थाची ओळख लक्षात ठेवण्यासाठी शरीर प्रतिपिंडं तयार करतं. त्यातला नेहमीचा, भरपूर असणारा प्रकार म्हणजे आयजीजी. त्याच्या तुलनेत निरोगी माणसाच्या रक्तातलं आयजीई दहा हजारावा हिस्साही नसतं. म्हणूनच ते इतकी वर्षं हाती लागलं नाही. जंतांसारख्या परजीवींशी झुंजताना ते वाढतं. ॲलर्जी असलेल्यांचं शरीर हेच शस्त्र माइटच्या निरुपद्रवी प्रथिनावर उपसतं.

ही गोष्ट दोन टप्प्यांत घडते. पहिल्या टप्प्यात बाहेर काहीच दिसत नाही. डर पी वन श्वासनलिकेच्या अस्तरावर पडतं. ते पाचक प्रथिन असल्यामुळे अस्तराच्या पेशींमधले सांधे सैल करतं आणि आत शिरतं. घराण्यातून ॲलर्जीचा कल घेऊन आलेलं शरीर त्याच्याविरुद्ध आयजीई बनवतं. रक्तातलं आयजीई दोन-तीन दिवसांत निम्मं होतं. पण नाक, कातडी, श्वासनलिका इथल्या मास्ट पेशींना जे चिकटतं, ते आठवडेच्या आठवडे तिथे राहतं. जणू दारोदारी पहारेकरी बसले, आणि प्रत्येकाच्या हातात एकाच माणसाची तसबीर. शिंक नाही, खोकला नाही. फक्त आठवण तयार झाली.

दुसरा टप्पा पुढच्या भेटीत. माइटचं प्रथिन पुन्हा आलं आणि त्याने शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम पकडलं, की मास्ट पेशी आपली पोतडी रिकामी करते. त्यातलं हिस्टामिन मिनिटांत काम करतं: शिंका, वाहणारं नाक, खाज, आवळलेली श्वासनलिका. एवढ्यावर थांबत नाही. चार ते आठ तासांनी दुसरी लाट येते; इतर पेशी गोळा होतात, श्वासनलिकेला सूज येते. रात्री दम वाढण्याची इतर कारणंही आहेत, पण नऊ वाजता गादीवर पडलेल्या माझ्या भावाची छाती दोन वाजता का वाजायची, हे मला वर्गात ही दुसरी लाट शिकताना पहिल्यांदा उमगलं.

पुढे शिकत असतानाच मी त्याची त्वचाचाचणी करून घेतली. हातावर वेगवेगळ्या अर्कांचे थेंब ठेवतात, प्रत्येक थेंबातून सुईने हलकेच टोचतात आणि पंधरा मिनिटं थांबतात. ज्याचं आयजीई कातडीतल्या मास्ट पेशींवर बसलेलं असेल, त्या जागी गांध उठते. ती तीन मिलिमीटर किंवा मोठी असली, तर चाचणी होकारार्थी. भावाच्या हातावर माइटच्या जागी मोठी गांध आली. केळं, दूध यांच्या जागा कोऱ्या. गंमत म्हणून मी माझ्याही हातावर चाचणी करून घेतली. माइटच्या जागी माझीही गांध उठली, लहान पण स्पष्ट! त्याच घरात, तशाच गादीवर मी वाढलो. दमा सोडा, मला साध्या शिंकाही येत नाहीत.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. आयजीई सापडलं, याचा अर्थ शरीराला आठवण आहे, एवढाच. आजार आहे की नाही, हे लक्षणांवरून ठरतं. काही काळापूर्वी एक आई आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. हातात लांबलचक तपासणी अहवाल. त्यातल्या खुणा पाहून गहू, दूध, डाळी, शेंगदाणे, सगळं बंद केलेलं. मुलगी काटकुळी झाली होती आणि नाक वाहायचं थांबलं नव्हतं. विचारलं, तर यातला एकही पदार्थ खाऊन तिला कधी काही झालं नव्हतं. अहवाल पाहिला, तर अन्नाविरुद्धचं आयजीजी मोजलेलं! अन्नाविरुद्ध आयजीजी असणं हे आपण ते अन्न खातो याची खूण आहे, ॲलर्जीची नव्हे. तीच गोष्ट रक्तातल्या एकूण आयजीईची. जंत असले तरी ते वाढतं. म्हणून कागदावरच्या आकड्याला घाबरून मुलांचं ताट रिकामं करू नका. आधी डॉक्टरांना विचारा, की हा आकडा माझ्या मुलाच्या त्रासाशी जुळतो का?

एक अपवाद मात्र किनारपट्टीच्या लोकांनी लक्षात ठेवावा. माइट, झुरळ आणि कोळंबी यांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचं एक सारखंच प्रथिन असतं. माइटच्या या प्रथिनाविरुद्ध ज्यांच्याकडे आयजीई आहे, अशा काहींना कोळंबी किंवा कुर्ल्या खाऊनही खाज सुटते, तोंड सुजतं, क्वचित श्वास अडतो. असं एकदा जरी झालं असेल, तर पुन्हा प्रयोग करून पाहू नये.

मग उपाय काय? जाड कापसाची गादी आणि उशी यांना घट्ट विणीची, चेन असलेली खोळ घालावी. चादरी, अभ्रे आठवड्यातून एकदा साठ अंशांच्या कढत पाण्यात धुवावेत. गोधड्या कडक उन्हात टाकाव्यात; कोरड्या उन्हाने माइट मरतात. पण मेलेल्या माइटचं प्रथिन कापडातच राहतं, म्हणून ऊन दिल्यावर झटकणं आणि धुणंही हवं. झटकण्याचं काम दमेकऱ्याकडे देऊ नये. खोली मोकळी, हवेशीर, कोरडी ठेवावी. मात्र एकट्या खोळीवर भिस्त ठेवू नका. २००३ मध्ये ब्रिटनमध्ये हजाराहून अधिक प्रौढ दमेकऱ्यांवर झालेल्या अभ्यासात नुसत्या खोळीने काही फरक पडला नव्हता. डॉक्टरांनी दिलेला, सूज कमी करणारा इन्हेलर हा दम्याच्या उपचाराचा कणा आहे. त्याची सवय लागते ही समजूत चुकीची आहे. बरं वाटलं म्हणून तो मनाने सोडणं धोक्याचं.

आणि ही आठवण पुसता येते का? पूर्ण नाही, पण तिला वळण लावता येतं. १९११ मध्ये लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी परागकणांचा अर्क अगदी थोड्या प्रमाणापासून वाढवत टोचण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आज माइटसाठीही ती वापरतात, इंजेक्शनने किंवा जिभेखाली. तीन-एक वर्षांच्या या उपचारात शरीर आयजीजी-४ नावाचं प्रतिपिंड बनवू लागतं. ते माइटच्या प्रथिनाला आधीच गाठतं आणि पहाऱ्यावरच्या आयजीईपर्यंत पोचू देत नाही. हा उपचार सगळ्यांसाठी नाही. दमा आटोक्यात नसताना तो करत नाहीत, आणि इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यात थांबावंच लागतं.

भावाची चाचणी झाली, त्या सुट्टीत मी आईला सगळं समजावून सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ''म्हणजे दम लागला की मी त्याला त्यातच निजवत होते?'' मी म्हटलं, ''आई, लायडनच्या लोकांना कळलं होतं, पण ते आपल्या वाडीपर्यंत यायचं होतं.'' दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो, तर माजघरातली जाड गादी अंगणात उन्हात पडलेली, आणि भावाच्या पानात वाटीभर दही.

भाऊ आज नियमित इन्हेलर घेतो आणि पावसातही फिरायला जातो. त्याच्या रक्तातली आठवण अजून आहे. तिच्याशी कसं वागायचं, ते आता आम्हांला कळलं आहे. आपल्या घरातलं मूल रात्री खोकत उठत असेल, तर त्याच्या ताटातलं काही कमी करण्याआधी एकदा त्याच्या उशीकडे पाहा, एवढंच माझं सांगणं.