झोपेत अडणारा श्वास

काशीच्या मणिकर्णिका घाटावर प्रेत चितेवर ठेवण्याआधी गंगेत बुडवतात. याच नगरीत काशिराज दिवोदासाने सुश्रुताला शल्यविद्या शिकवली, अशी परंपरा आहे. शिकण्यासाठीही प्रेत नदीतच ठेवायचे. गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, सात रात्री वाहत्या पाण्यात. मग कुंच्याने हलके घासत त्वचेपासून एकेक थर स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा, असे सुश्रुतसंहिता सांगते.

मेद फार वाढला की शरीरातले मार्ग अडतात, बाकीच्या धातूंना पोषण पोचत नाही आणि एवढा थोरला देह आतून दुबळा होतो, हेही तिथेच लिहिले आहे. धाप, अनावर भूक, तहान, घाम, झोप, अचानक अडणारा श्वास. शेवटी प्रमेहाच्या पुळ्या, गळवे, भगंदर आणि मृत्यू. यातली झोप आणि अडणारा श्वास ही दोन लक्षणे मला खिळवून ठेवतात. ती एकाच यादीत नोंदली आहेत. त्यांचे नाते मात्र उलगडायचे राहिले होते.

१९५६ साली अमेरिकेत बर्वेल आणि सहकाऱ्यांनी एका अतिलठ्ठ रुग्णाची हकिगत छापली. पत्त्यांच्या डावात हाती तीन एक्के आणि दोन राजे असताना हा गृहस्थ झोपून गेला, डाव हुकला, आणि मग तो रुग्णालयात आला. डॉक्टरांनी दोष दिला रक्तात साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला.

खरे उत्तर रात्री मिळायचे होते. १९६५ मध्ये मार्सेयला गास्तो यांच्या गटाने आणि फ्रायबुर्गला युंग व कुह्लो यांनी अशा रुग्णांच्या झोपेचे आलेख काढले. श्वास पुन्हा पुन्हा थांबत होता! झोपेत घशाचे स्नायू सैलावतात. मान आणि जिभेत साठलेल्या चरबीने आधीच अरुंद झालेली वाट मिटते. छाती धडपडते, हवा आत जात नाही, रक्तातला प्राणवायू घसरतो. मेंदू क्षणभर जागा होऊन वाट उघडतो, की पुन्हा तेच. रात्रभर असे झाल्यावर माणूस दिवसा पेंगणार नाही तर काय? रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो. आणि आपण त्याला आळशी म्हणतो. मोठ्या घोरण्यात मध्येच शांतता पसरत असेल, तर त्या माणसाची झोपेची तपासणी करून घ्यायला हवी.

त्या काळी खात्रीचा उपाय एकच होता, गळ्याला छिद्र पाडणे. जून १९८० मध्ये सिडनीत असाच सल्ला मिळालेला एक रुग्ण एका रात्रीच्या प्रयोगाला तयार झाला. डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरीने नाकावाटे हवेचा सौम्य दाब दिला. दाब वाढवला की वाट उघडे, कमी केला की मिटे. तो माणूस रात्रभर झोपला आणि सकाळी ताजातवाना उठला. पुढच्या वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा पाच रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली.